शालूच्या घडीतल्या मुंडावळ्या

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं आणि नवरीच्या कपाळावरचा लाल खडा सुटला. तिच्या गालावरून घरंगळत तो हातातल्या हारात अडकला. मी तिच्या डाव्या अंगाला, दोन हातांवर उभी होते. आधी मला वाटलं घामाने कुंकू ओघळलं. मग दुसरा खडा सुटला, मग तिसरा. भटजींनी सावधान म्हणायच्या आत डावीकडची मोत्यांची सर, जिथे ती पितळी टोपीत चिकटवलेली होती तिथून निघाली आणि पाटावर पडली. नवरी खाली बघायला गेली तशी उजवीकडचीही निघाली.

अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्या मुलाने पहिल्यांदा पाहिलं ते हे. मुंडावळ्यांचा मधला भाग कपाळाला लोंबतोय, खड्यांच्या जागी काळे ठिपके, आणि नवरी एका हाताने तो भाग धरून उभी.

त्या मुंडावळ्या मी केल्या होत्या.

ताशावाले वाजवायला लागले आणि लगेच थांबले, कारण कॅमेरावाल्याने हात वर केला. तेवढ्या शांततेत माझी मोठी जाऊ वाकली. तिने पाटावरची सर उचलली, तळहातावर घेतली, आणि नवऱ्याकडच्या बायकांकडे तोंड करून म्हणाली, "चौथी पास बाईच्या हाती शुभकार्य दिलं. चूक आमचीच."

हॉल दादरचा, भरलेला. पहिल्या चार रांगांनी तरी ऐकलं असेल. नवरी म्हणजे जावेची सख्खी नात, तिच्या थोरल्या मुलाची मुलगी. माझी चुलत नात. नवऱ्याकडची माणसं गिरगावातली. मुलाची आई म्हणाली की असू द्या, खडेच आहेत. मुलाची आत्या पुढे सरकली. तिने खाली पडलेल्या सरीकडे बघितलं, मग नवरीकडे बघितलं, आणि बाजूच्या बाईच्या कानाशी लागली. मी ते अजून विसरलेली नाही.

मी जेवले नाही. आमचे हे जेवले. त्यांनी मठ्ठा दोनदा घेतला.

निघताना जावेने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत तुटक्या मुंडावळ्या, वर गाठ मारलेली. म्हणाली, तुझं तुला. मी लालबागला घरी आले आणि पिशवी तशीच, गाठ न सोडता, भांड्यांच्या फळीवर टाकली.

आमचं आणि जावेचं हे काही त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. ती मॅट्रिक, शाळेत कारकून होती. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले आणि मग बसले घरी. लग्न होऊन मी मुंबईला आले तेव्हा आम्ही सगळे काळाचौकीच्या एका खोलीत होतो. एकदा सासूबाई गावी गेल्या होत्या, त्यांना मी पत्र लिहिलं. घरात सगळं ठीक, असं चार ओळींचं. सासूबाई परत आल्या त्या पत्र घेऊन आल्या. जावेने ते पत्र त्यांच्या पिशवीतून काढलं आणि शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरीण वाचते तसं, एकेक शब्द तोडून, मध्ये थांबून हसत. अक्षर बघा म्हणाली, मुंग्या शाईत पडून चालल्यात. बायका हसल्या. सासूबाईसुद्धा हसल्या. मी स्टोव्हला पंप मारत होते, मारत राहिले. त्यानंतर मी कुणाला पत्र लिहिलं नाही.

पण हात मात्र माझे चांगले होते. ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी मोती ओवायला बसले, आणि तेव्हापासून बसलेलीच आहे. आधी सगळं तारेचं आणि दोऱ्याचं काम होतं. मग लोकांना खडे हवे झाले, हलकं हवं झालं, आणि चिकटवायचा गम आला. गम मला आवडला नाही, पण शिकले. लालबाग-परळच्या किती गौरींच्या अंगावर माझ्या चिंचपेट्या आणि बाजूबंद चढले ते मी मोजलेलं नाही. एकही खडा पडल्याची तक्रार आली नव्हती.

लग्नानंतर आठ दिवसांत आमच्याच मजल्यावरची एक बाई आली आणि तिच्या सुनेच्या डोहाळजेवणासाठी सांगितलेला सेट नको म्हणून गेली. कारण नाही सांगितलं. दुसरीने फोनवर सांगितलं. तिसरीने सांगितलंही नाही, तिची सून दुसरीकडून केलेला हार घालून माझ्या दारावरून गेली.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. मग नातीचा फोन आला. गिरगावच्या घराच्या जिन्यावर ती घसरली होती आणि मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर घातलेल्या हाताने ती बसली असताना आत्या बघायला आली आणि दारातच म्हणाली की मांडवातच कळलं होतं. त्या आधी सासऱ्यांना ताप आला तेव्हाही तेच. घरात पाण्याचा पंप जळला तेव्हाही तेच.

नात म्हणाली, "धाकट्या आजी, ह्या घरात काहीही मोडलं की सगळे माझ्या कपाळाकडे बघतात."

मी विचारलं की तुझी आजी काय म्हणते. ती म्हणाली, आजी सगळ्यांना तुझंच नाव सांगते. म्हणजे जाऊ मला दोष देत होती, आणि आत्या त्या पोरीला. गम माझा, खडे माझे, आणि भोगत होती ती. मी फोन ठेवला आणि ठरवलं की खडे का पडले ते मी शोधून काढणार, आणि ज्याच्यामुळे पडले त्याला त्याच चार रांगांसमोर उभं करणार.

आधी मी गमवाल्याकडे गेले. दादरच्या एका गल्लीत खडे, मोती, पितळी टोप्या, गम असलं सगळं विकणारा माणूस आहे. त्याच्याकडून मी कित्येक वर्षं घेते. अर्धी उरलेली ट्यूब त्याच्या काउंटरवर आपटली आणि म्हटलं, भेसळ केलीस काय रे. गिऱ्हाइकं होती, मुद्दाम त्यांच्यासमोर म्हटलं. त्याने ट्यूब उचलली, दाबली, एक थेंब स्वतःच्या अंगठ्यावर घेतला आणि दोन मिनिटांनी तो अंगठा माझ्यापुढे धरला. चामडी ओढली तरी गम निघेना. म्हणाला, "मावशी, ह्याच बॉक्समधल्या ट्यूबा अख्ख्या दादरने नेल्या. माल खराब असता तर तुमच्या आधी पंचवीस बायका मला मारायला आल्या असत्या."

त्याचं खरं होतं. मला ते आवडलं नाही. मी त्याच्याकडे होत्या तेवढ्या सगळ्या जातींचे गम एकेक घेतले आणि घरी आले.

मग मी खिडकीत कारखाना मांडला. ज्या पितळी पत्र्यावर मी खडे बसवते त्याच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीवर एक गम, आणि प्रत्येकावर पाच खडे आणि एक टोपी. माझा नेहमीचा दागिन्यांचा पारदर्शक गम. चप्पलवाले लावतात ते पिवळं सोल्युशन. एका थेंबात पकडणारा, ज्याने बोटंही पकडली जातात. गनमध्ये घालून वितळवायच्या कांड्या. दोन ट्यूबा मिसळून करायचा तो, ज्याला सुकायला अख्खा दिवस लागतो आणि जो नंतर पिवळा पडतो, म्हणून पांढऱ्या मोत्यांच्या कामात मी तो वापरत नव्हते. पट्टीच्या मागे चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने गमाचं नाव लिहिलं. कोण बघणार होतं अक्षर.

नवरीच्या अंगावर जे जे येतं ते ते मी त्या पट्ट्यांवर घातलं. घाम म्हणून मिठाचं पाणी. खोबरेल तेल. हळद कालवून. अत्तर. गजऱ्याखाली ओलं राहतं म्हणून ओल्या फडक्याखाली एक रात्र. लग्नाच्या हॉलमध्ये दिवे तापतात म्हणून समईच्या ज्योतीपासून वीतभर लांब. रोज सकाळी चहा झाला की नखाने एकेक खडा उचलून बघायची. निघाला तर फुली, नाही निघाला तर टिंब.

कांड्यांचा गम समईजवळ पहिल्याच दिवशी लोळागोळा झाला. एका थेंबातला मिठाच्या पाण्यात तडकला. चपलेच्या सोल्युशनला वास इतका की आमचे हे गॅलरीत जाऊन बसले. माझा नेहमीचा गम मात्र सगळ्यातून पास झाला. टिंबच टिंब. मला राग आला. नापास झाला असता तर निदान दोष कुणाचा ते कळलं असतं.

मग आठवलं की मेकअपवालीने नवरीच्या केसांवर फसफस करून काहीतरी मारलं होतं. खालच्या मजल्यावर पार्लर चालवणारी मुलगी आहे, तिच्याकडून तो डबा मागून आणला आणि पट्ट्यांवर इतका मारला की त्या चमकायला लागल्या. खोकला झाला. खडे हलले नाहीत.

खिडकी भरली, फ्रिजवर पट्ट्या, देवघराच्या कडेला पट्ट्या, जेवायला बसायच्या जागी पट्ट्या. आमचे हे चाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल फारसं बोलले नव्हते. एका दुपारी पाय ठेवायला जागा नाही म्हणून म्हणाले, "ह्यां घर आसा की कारखानो?" दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले असताना त्यांनी आवराआवर केली. एक पट्टी चादरींच्या ट्रंकेत ठेवली आणि मला सांगायचं विसरले.

ती पट्टी मी आठवडाभर शोधली. थंडी पडायला लागली म्हणून गोधडी काढायला ट्रंक उघडली तेव्हा वर पट्टी. उचलली तर माझ्या गमावरचे पाचही खडे बोटाबरोबर सरकले. तुपावर ठेवलेल्या बत्ताशासारखे. टोपी आपोआप निघून गोधडीवर पडली. गम काळपट, ओला, बोटाला तार धरत होता. तिथे तेल नव्हतं, पाणी नव्हतं, समई नव्हती. ट्रंकेत काय होतं तर चादरी, गोधड्या, आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत डांबरगोळ्या.

मी ट्रंकेसमोरच बसले. मग उठले आणि भांड्यांच्या फळीवरून ती प्लास्टिकची पिशवी काढली. जावेने मारलेली गाठ सोडली. आतून भपकन डांबरगोळ्यांचा वास आला.

ते कसं झालं हे मला आता एका दमात कळलं. मुंडावळ्या तयार झाल्या तेव्हा लग्नाला अठरा दिवस होते. आमच्याकडे नवरीच्या मुंडावळ्या घरातल्या मोठीकडे जातात. ती त्या देवापुढे ठेवते, हळदकुंकू वाहते, आणि मग लग्नाच्या दिवसापर्यंत आपल्या स्वतःच्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवते. मोठीचं सौभाग्य नवरीला लागावं म्हणून. मी त्या कापूस घालून पत्र्याच्या डब्यात दिल्या होत्या आणि डब्यातच ठेवा म्हणाले होते. जावेने डबा परत पाठवला होता. शालूच्या घडीत डबा कसा मावेल, असा निरोप होता. आणि जावेचा शालू तिच्या लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांच्या शेजेवर, पन्नास वर्षं तसाच. ती त्याचं कौतुक सांगायची, एक भोक नाही म्हणून. लग्नाच्या सकाळी मांडवात शेवंती, मोगरा, धूप आणि शंभर बायकांचं अत्तर. त्यात डांबराचा वास कुणाच्या नाकाला लागणार.

आमच्या ह्यांना पट्टी दाखवली. त्यांनी खडा बोटाने इकडून तिकडे सरकवून पाहिला. "आता काय करतलस?" म्हणाले.

"अठरा दिवस थांबतलंय," मी म्हटलं.

कारण एका पट्टीवर जाऊ विश्वास ठेवणार नाही हे मला माहीत होतं. दोन सारखे डबे घेतले. दोन्हींत माझ्या गमाची एकेक पट्टी, रेशमी कपड्याच्या तुकड्यात गुंडाळून. एका डब्यात डांबरगोळ्या, दुसऱ्यात काही नाही. झाकणं लावली आणि अठरा दिवस उघडली नाहीत. एकदाही नाही. रोज सकाळी चहा झाला की मी डब्यांकडे बघायची आणि मला बरं वाटायचं. राग असा डब्यात घालून ठेवता येतो हे मला आधी माहीत नव्हतं.

अठरा दिवसांनी उघडले. एकातले खडे नखाने निघेनात, चाकूचं टोक लावावं लागलं. दुसऱ्यातले डबा कलंडला तसे खाली आले.

मी नातीला फोन केला. तिची पहिली संक्रांत जवळ आली होती. गिरगावच्या घरी तिचं हळदीकुंकू व्हायचं होतं, दोन्हीकडच्या बायका येणार होत्या. आमच्याकडे पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. जावेने ते दादरच्या दुकानातून आणायचं ठरवलं होतं, आणि ह्या वेळी दुकानातून, असं तिने सगळ्यांना ऐकवलंही होतं. मी नातीला डब्यांचं सगळं सांगितलं. जाऊ तिची सख्खी आजी, तिने अंगाखांद्यावर वाढवलेली. मी म्हटलं, नको असेल तर राहू दे.

"नाही," ती म्हणाली. "दागिने तूच कर. आणि वाणही तूच कर. आजीला सांगू नकोस."

हलवा गमाला अवघड. साखरेचा काटा, पाणी लागलं की बसतो, पांढरा गम लावला तर चोवीस तासांत काटा जाऊन नुसती गुळगुळीत गोळी उरते. मी तेही चार प्रकारे करून बघितलं. शेवटी एक थेंब गम न वापरता सगळं दोऱ्याने ओवून आणि पुठ्ठ्याला टाके घालून केलं. मंगळसूत्र, हार, बाजूबंद, तोडे, बिंदी. प्लॅस्टरच्या हातासाठी तोडा मोठा केला. केलेला प्रत्येक दागिना उलटा धरून झटकून बघितला.

वाण म्हणून कानातले खड्यांचे टॉप्स केले, दोन ट्यूबांच्या गमाने. बाकीच्या गमांच्या पट्ट्याही मी वेगळ्या डब्यात डांबरगोळ्यांबरोबर ठेवून पाहिल्या होत्या, त्यांत तो एकटाच टिकला होता. थोडा पिवळा दिसतो, दिसू दे. छोट्या कागदी डब्यांत एकेक जोड, आणि प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी. चिठ्ठ्या छापून आणायला नात तयार होती. मी नको म्हटलं. पस्तीस चिठ्ठ्या मी माझ्या हाताने लिहिल्या, शाईच्या पेनाने. आठ दिवस लागले. कित्येक वर्षांनी मी एवढं लिहीत होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी गिरगावच्या त्या खोलीत बसायला जागा नव्हती. आत्या पुढेच होती. नात काळ्या साडीत पांढऱ्या दागिन्यांनी मढून बसली, आणि मी बघत होते, एकूण एक बाईची नजर तिच्या कपाळावरच्या बिंदीवर. काय पडतंय ते बघायला आल्यासारख्या. जाऊ सोफ्यावर बसली होती, तोंड गंभीर करून. मला म्हणाली, ओवलंयस की चिकटवलंयस. मी म्हटलं, बघा ना ओढून. तिने ओढलं नाही.

बोरन्हाणाला आणलेली दोन लहान पोरं नातीच्या हाराला लोंबकळली तरी हलव्याचा एक दाणा पडला नाही.

मग नातीने वाण द्यायला सुरुवात केली. हळदकुंकू, तिळगूळ, डबी. वाण घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. प्रत्येकीने ओटीत घेतलं. कुणीतरी डबी उघडली, चिठ्ठी निघाली. आत्याने चष्मा आणला नव्हता. तिने विचारलं, काय लिहिलंय.

मी म्हटलं, "वैनी, तुम्ही वाचा ना मोठ्याने. तुम्ही शिकलेल्या. माझं अक्षर तुम्हाला कळतं."

जावेने चिठ्ठी हातात घेतली. अक्षर बघून तिच्या ओठाच्या कडेला ते जुनं हसू आलं. तिने घसा साफ केला आणि मास्तरीण वाचते तसं वाचायला लागली, प्रत्येक शब्द तोडून.

"खड्यांचे आणि मोत्यांचे दागिने डांबरगोळ्या असलेल्या पेटीत ठेवू नयेत."

इथे ती थांबली. पुढची ओळ तिने मनात वाचली हे मला दिसलं. खोलीत सगळ्या वाट बघत होत्या. आत्या म्हणाली, पुढे काय आहे.

जावेने वाचलं. ह्या वेळी शब्द न तोडता, भराभर. "अठरा दिवसांत गम मऊ पडतो आणि खडे सुटतात."

मी पिशवीतून दोन डबे काढून आत्याच्या पुढ्यात ठेवले. काही समजावून सांगितलं नाही. एक उघडा म्हटलं, मग दुसरा उघडा. तिने एका पट्टीवरचा खडा नखाने ओढून पाहिला, निघेना. दुसरी पट्टी उचलली तर खडे तिच्या मांडीवर सांडले आणि वास खोलीभर झाला. आत्या मंद बाई नव्हती. तिने वर बघितलं आणि विचारलं की मुंडावळ्या कुठे ठेवल्या होत्या.

मला वाटलं जाऊ बोलेल. पण बोलली नात.

"आजीच्या पेटीत," ती म्हणाली. "शालूच्या घडीत. मी स्वतः काढून आणल्या होत्या."

त्यानंतर बायका एकदम तिळगूळ खायला लागल्या. मुलाची आई चहा आणायला उठली. आत्याने नातीला जवळ बोलावलं, तिचा प्लॅस्टरचा हात मांडीवर घेतला आणि दुखतं का म्हणून विचारलं. हात मोडल्यापासून पहिल्यांदा विचारलं. एक म्हातारी, नवऱ्याकडची कुणीतरी, म्हणाली की अगंबाई, माझी मोत्याची कुडी गेल्या वर्षी अशीच चिकट झाली, मी सोनाराला शिव्या घातल्या. मग तिघीचौघींना आपापलं काय काय आठवलं. माझ्याभोवती बसून त्या कोणता गम कशाला चालतो ते विचारत होत्या. मी सांगत होते, पण माझं लक्ष सोफ्याकडे होतं.

निघताना जाऊ जिन्यात माझ्यासाठी थांबली. कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं आता चुकलं म्हणेल. ती म्हणाली, "मला एकटीला सांगायचंस ना आधी."

मी म्हटलं, "तुम्ही मांडवात सांगितलंत. मी हळदीकुंकवाला सांगितलं."

ती जिना उतरली. मी मागून, सावकाश.

एक गोष्ट इथे लिहायला हवी, नाहीतर खोटं होईल. मुंडावळ्या देताना डांबरगोळीचं मलाही माहीत नव्हतं. मी घाम बघितला होता, पाणी बघितलं होतं, पण ज्या पेटीत त्या जाणार होत्या ती पेटी बघितली नव्हती. डब्यात ठेवा म्हटलं ते खडे ओरखडू नयेत म्हणून. ते माझं चुकलं. जावेने मला घरी बोलावून विचारलं असतं तर मीही घरातच सांगितलं असतं. तिने तसं विचारलं नाही, म्हणून मीही तसं सांगितलं नाही. लोक मला म्हणाले की म्हातारपणी एवढा राग कशाला. नात तर माझ्याशी नंतर महिनाभर नीट बोलली नाही. तिला त्या घरात मोकळा श्वास मिळाला, आणि आजीचं खाली गेलेलं तोंडही तिनेच बघितलं. मला मात्र बरं वाटलं. अजूनही वाटतं.

चाळीतल्या बायका परत आल्या. मजल्यावरची ती पहिली बाई बारशाच्या दागिन्यांसाठी आली, तिला मी महिनाभर थांबायला लावलं. माझ्याकडे काम नव्हतं तरी लावलं.

जाऊ आणि मी पुढे चार वर्षं एकमेकींकडे गेलो-आलो. गणपतीला, श्राद्धाला. ती मला पुन्हा चौथी पास म्हणाली नाही, आणि चुकलं असंही म्हणाली नाही. मी वाट बघायची. प्रत्येक वेळी पाया पडताना वाटायचं, आज म्हणेल.

ती गेली तेव्हा तेरावं झाल्यावर तिच्या सुनेने पेटी उघडली. मीही होते. वास आला नाही. डांबरगोळ्या नव्हत्या, एकही नाही, पुडीसुद्धा नव्हती. त्या संक्रांतीनंतर तिने त्या काढून टाकल्या होत्या आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तळाशी माझ्या वाणाची कागदी डबी होती, चिठ्ठीसकट. आणि शालूला कसर लागली होती. सुनेने उलगडला तर पदरापासून निऱ्यांपर्यंत चाळणी. जरीच्या बुट्ट्या तेवढ्या उभ्या, मधलं रेशीम गेलेलं.

मला शालूचं वाईट वाटलं.

मी डबी उघडून बघितली. टॉप्सचे सगळे खडे जागेवर होते. नखाने ओढून बघितले, निघाले नाहीत. डबी परत पेटीत ठेवली.

त्या दिवशी दादरच्या मांडवात अंतरपाटाशी आम्ही तिघी उभ्या होतो. जाऊ गेल्याला दोन वर्षं झाली. नात गिरगावात आहे. मी लालबागला आहे.